गुन्हा चालकाचा, भुर्दंड वाहनाला

वाहतुकीचा नियम मोडला, तालांव मिळाला, दंड भरला, की प्रकरण मिटले, अशी आपल्याकडील वाहनचालकांची साधारण समजूत असते आणि ती फारशी चुकीचीही नाही. दंडाची पावती खिशात पडली की त्या गुन्ह्याचा माग पुढे सहसा कोणी काढीत नाही. विमा कंपनी तर नाहीच नाही. वर्षातून दहा वेळा तांबडा दिवा ओलांडणारा आणि जन्मात एकदाही न ओलांडणारा, या दोघांच्या मोटारी एकाच बनावटीच्या व एकाच वयाच्या असतील, तर दोघांचा विम्याचा हप्ताही जवळजवळ सारखाच असतो. ही स्थिती बदलावी, बेफाम वाहन हाकणाऱ्याने विम्यासाठी अधिक मोजावे, असा विचार गेली काही वर्षे दिल्लीत चालू आहे. हा विचार मुळात रास्तच आहे. मात्र ज्या स्वरूपात तो आजवर मांडला गेला, त्याच स्वरूपात तो अमलात आला, तर त्याचा सर्वांत विचित्र फटका गोव्याला बसेल. म्हणून या प्रश्नाची चर्चा दिल्लीवर सोपवून आपण स्वस्थ बसणे परवडणारे नाही.

प्रथम सध्याची व्यवस्था काय आहे ते पाहू. मोटार वाहन कायद्याच्या १४६व्या कलमानुसार रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक वाहनाला त्रयस्थ पक्षाच्या नुकसानभरपाईचा विमा सक्तीचा आहे. त्याचे दर कंपन्या ठरवीत नाहीत, ते सरकार ठरवते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात १००० घनसेंटिमीटरपर्यंतच्या खाजगी मोटारीला वर्षाला २,०९४ रुपये, १५०० पर्यंतच्या मोटारीला ३,४१६ रुपये आणि त्याहून मोठ्या इंजिनाला ७,८९७ रुपये असा हिशेब मांडला आहे. म्हणजे येथे इंजिन मोजले जाते, ते चालवणारा मोजला जात नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा जो दुसरा, ऐच्छिक भाग असतो, त्याचे दर ठरवण्याची मोकळीक कंपन्यांना २००७ सालापासून आहे. परंतु तेथेही जुन्या दरपत्रकाची छाया सुटलेली नाही. त्या दरपत्रकाने खाजगी मोटारींसाठी देशाचे दोन विभाग पाडले. अहमदाबाद, बंगळुरू, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली आणि पुणे ही आठ शहरे पहिल्या विभागात, तर उरलेला अवघा हिंदुस्थान दुसऱ्या. गाडी कोठे धावते यावर हा विभाग ठरत नाही, तिची नोंदणी कोठे झाली यावर ठरतो. पणजीत नोंदलेली मोटार बाराही महिने मुंबईच्या गर्दीत फिरली तरी ती दुसऱ्या विभागातच राहते.

चालकाच्या वर्तनाशी थोडेफार नाते सांगणारी एकच गोष्ट या साऱ्यात आहे, ती म्हणजे दावा न केल्याबद्दल मिळणारी सूट. पहिल्या वर्षी २० टक्के आणि पाच वर्षे दावा न केल्यास ५० टक्के, अशी ती चढत जाते. पण ती बक्षिसी सावधपणे गाडी चालवल्याची नव्हे, कंपनीकडे पैसे न मागितल्याची आहे. पाच वर्षांत पंचवीस तालांव मिळवलेला इसम, त्याने दावा केला नसेल तर, निम्मी सूट घेऊन मोकळा होतो. उलट, उभ्या गाडीला दुसऱ्याने ठोकर मारून पसार झाल्यामुळे ज्याला दावा करावा लागला, त्याची सूट बुडते.

ही विसंगती दूर करण्यासाठी विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली एक कार्यगट नेमला आणि जानेवारी २०२१ मध्ये त्याचा अहवाल लोकांपुढे आला. मोटार विम्याच्या प्रचलित भागांखेरीज ‘वाहतूक नियमभंग हप्ता’ असा एक पाचवा भाग असावा, प्रत्येक गुन्ह्याला गुण द्यावेत, मद्यपान करून वाहन चालवल्यास १०० आणि चुकीच्या जागी वाहन उभे केल्यास १०, आणि गुणांच्या बेरजेप्रमाणे दुचाकीला १०० ते ७५० रुपये व चारचाकीला ३०० ते १,५०० रुपये जादा आकारावेत, अशी ती योजना होती. प्रारंभ दिल्लीपासून करावा असेही सुचवले होते. पुढे तो मसुदा थंडावला. कल्पना मात्र मेली नाही. २०२४ साली दिल्लीच्या नायब राज्यपालांनी केंद्रीय अर्थमंत्र्यांना पत्र लिहून तिला पुन्हा तोंड फोडले. कॅमेऱ्यांची संख्या वाढते आहे, तालांवांची नोंद संगणकावर जमा होत आहे, त्यामुळे ही कल्पना आज ना उद्या परत येणार हे धरून चालावे.

या योजनेतील एकच वाक्य गोवेकरांनी नीट वाचायला हवे. हा जादा हप्ता वाहनाच्या नोंदणीकृत मालकाने भरावयाचा आहे. गाडी कोणी चालवली, हा प्रश्न तेथे विचारलेलाच नाही.

मुंबईत वा नागपुरात ज्याची गाडी तोच बहुधा चालक असतो, तेव्हा तेथे हा फरक कोणाला विशेष खुपणार नाही. गोव्याची गोष्ट निराळी आहे. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे मिरवणाऱ्या भाड्याच्या दुचाकी आणि मोटारी कळंगुटपासून पाळोळ्यापर्यंत आपल्या रस्त्यांवर बारमाही धावत असतात आणि त्या चालवणारा मनुष्य हा व्यवहारतः नेहमीच परराज्यातील असतो. चार दिवसांसाठी तो येतो, विनाशिरस्त्राण फिरतो, एकेरी मार्गात उलटा शिरतो, रात्री नको त्या अवस्थेत हणजुण्याहून परततो आणि पाचव्या दिवशी दाबोळी वा मोपा विमानतळावरून आपल्या गावी निघून जातो. मागे राहते ती गाडी आणि तिच्या नावावर पडलेले तालांव. आज त्या तालांवाचे पैसे अनामत रकमेतून कापून घेता येतात, वा मालक ते पदरचे भरतो. त्रास होतो पण विषय तेथे संपतो. उद्या त्याच तालांवाचे गुण होऊन गाडीच्या विम्याला चिकटले, तर ते पुसून काढायला मालकाजवळ काही साधन नाही. चार दुचाकी कर्जाने घेऊन घर चालवणाऱ्या माणसाला प्रत्येकी ७५० रुपये अधिक भरावे लागणे ही केवळ किरकोळ रक्कम म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नव्हे. आणि ज्याने गुन्हा केला तो इसम आपल्या गावी आपल्या स्वतःच्या मोटारीचा विमा निष्कलंक म्हणून, पूर्ण सवलतीसह नव्याने उतरवील!

खाजगी पांढऱ्या पाटीच्या गाड्या चोरून भाड्याने देण्याचा जो प्रकार आपल्याकडे बोकाळला आहे, त्याचा उल्लेख येथे टाळता येत नाही. आम्ही त्याचे समर्थन मुळीच करीत नाही. पण अशा मालकांपैकी पुष्कळांना आपण केवढी जोखीम पत्करतो याची कल्पना नसते. खाजगी वापरासाठी उतरवलेला विमा भाड्याच्या वापराला लागू होत नाही. १५०व्या कलमाखाली विमा कंपनीला जे बचाव उपलब्ध आहेत, त्यांत परवान्याविना भाड्याने वापरलेले वाहन हा एक आहे आणि २०१९च्या दुरुस्तीने मद्यप्राशन करून वाहन चालवणे याचीही त्यांत भर घातली आहे. २००४ सालच्या स्वर्णसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जो मार्ग घालून दिला, त्यानुसार बळीच्या कुटुंबाला कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि मग ते मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश अशा प्रकरणांत होऊ शकतो. म्हणजे दिल्लीच्या वा पुण्याच्या एखाद्या तरुणाने बागा-कळंगुटच्या रस्त्यावर कोणाला उडवले, तर लाखो रुपयांच्या वसुलीची नोटीस गोव्यातील मालकाच्या दारावर येऊन चिकटू शकते. त्या घरात गाडी भाड्याने देऊन महिन्याला किती मिळत होते, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारणार नाही.

आता बाजू पालटून पाहू. गोव्याचा चालक स्वतः परराज्यात जातो तेव्हा काय होते? पेडण्याचा मनुष्य सावंतवाडीला, डिचोलीचा दोडामार्गला, साखळीचा चोर्ला घाटाने बेळगावला, काणकोणचा पोळेवरून कारवारला जातो, तो परदेशी गेल्यासारखा जात नाही. कोणाचे माहेर तिकडे, कोणाचे कुलदैवत तिकडे, कोणाचा भाजीचा व्यवहार बेळगावशी बांधलेला. उलट दिशेने सिंधुदुर्गातील रुग्ण बांबोळीच्या इस्पितळात येतात. या भूभागाला राज्याच्या सीमा कागदावर आहेत, जगण्यात फारशा नाहीत; २०१३ साली गोव्याने परराज्यातील वाहनांवर प्रवेश कर बसवला, तेव्हा शेजारी जो संताप उसळला तो याच कारणाने. पाटीवरची अक्षरे मात्र पोलिसाला लांबून दिसतात. जीए पाहिले की कोल्हापुरात शिट्टी वाजते आणि एमएच किंवा केए पाहिले की म्हापशात, अशी तक्रार दोन्हीकडचे चालक सारख्याच त्वेषाने करीत असतात. ती सर्वस्वी खोटी आहे असे आम्हांला वाटत नाही. सर्वस्वी खरी आहे असेही नाही, कारण परक्या गावात गोंधळून चुकीच्या गल्लीत शिरणारी गाडी बहुधा परक्या पाटीचीच असते.

जागेवर पकडले जाण्यापेक्षा आता कॅमेऱ्याचा प्रश्न मोठा झाला आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून कॅमेऱ्यांची अद्ययावत यंत्रणा बसली. आपल्याकडे मेरशीच्या चौकात २०२३ मध्येच तसा आरंभ झाला होता. २०२१ साली केंद्राने केलेल्या नियमाप्रमाणे यंत्राने टिपलेल्या गुन्ह्याची सूचना पंधरा दिवसांच्या आत मालकाला गेली पाहिजे. ती जाते कोठे? तर नोंदणीच्या वेळी दिलेल्या दूरध्वनी क्रमांकावर, जो पुष्कळदा गाडी विकणाऱ्या दलालाचा असतो, नाही तर कधीचाच बंद पडलेला असतो. समजा सूचना मिळाली आणि चालकाला ती अमान्य आहे. पाटीचा एक आकडा चुकीचा वाचला गेला असेल, गाडी त्या दिवशी फोंड्यातच उभी असेल. मग दोन हजारांच्या दंडाला आव्हान देण्यासाठी एक दिवसाचा रोज बुडवून, पेट्रोल जाळून, वकील गाठून परजिल्ह्यात खेटे कोण घालणार? शहाणा मनुष्य मुकाट्याने पैसे भरतो. दंडापुरते हे ठीक म्हणता येईल, कारण त्याने आपला वेळ वाचवला. पण त्याच भरण्याला उद्या विम्याच्या दप्तरी गुन्ह्याची कबुली समजले जाणार असेल, तर त्याला हे आधी कोणीतरी सांगायला नको का? तालांव हा आरोप आहे, दोषसिद्धी नव्हे. कायद्याच्या २००व्या कलमाखाली पैसे भरून प्रकरण मिटवणे ही तडजोड आहे. तिच्यावर गुणांची इमारत उभारायची, तर पाया आधी तपासून घ्यावा लागेल.

परराज्यातील गुन्हा आणि विम्याचा हप्ता यांची सांगड घालण्याचा जुना आणि मोठा प्रयोग अमेरिकेत झाला आहे. तेथेही चालकाचा परवाना प्रत्येक राज्य आपापला देते. एका राज्यात गुन्हा करून दुसऱ्यात साळसूदपणे वावरणाऱ्यांना आवर घालण्यासाठी १९६०च्या दशकात राज्याराज्यांनी आपसात एक करार केला. एक चालक, एक परवाना, एक नोंद, हे त्याचे सूत्र. परराज्यात दोष सिद्ध झाला की त्याची खबर चालकाच्या स्वतःच्या राज्याला जाते आणि विमा कंपनी हप्ता ठरवताना ती नोंद मागवून पाहते. नोंद आहे ती चालकाची, हे विशेष लक्षात घ्यावे. अर्थात तेथेही सारे आलबेल नाही. मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, मॅसॅच्युसेट्स, टेनेसी ही राज्ये त्या करारात नाहीत. आपली बरीच मराठी मंडळी न्यू जर्सीत स्थायिक आहेत. त्या राज्यात परराज्यातील नियमभंगाला सरसकट दोन गुण लागतात; नदीपलीकडील न्यू यॉर्क मात्र आपल्या चालकांचे परराज्यातील साधे गुन्हे नोंदवीतच नाही, अपवाद कॅनडातील ऑन्टारिओ आणि क्वेबेक या प्रांतांचा! शेजारच्या राज्याचे नाही, पण परदेशाचे नोंदवतो, हा कारभार पाहून आपल्याकडील कारकुनी डोक्यांनाही धीर यावा. कॅलिफोर्नियाने मात्र १९८८ साली जनमत घेऊन एक चांगला नियम केला. मोटार विम्याचा हप्ता ठरवताना चालकाची सुरक्षिततेची नोंद हा पहिला निकष मानला जावा, मग वर्षभरात तोडलेले अंतर, मग अनुभवाची वर्षे.

आपल्याकडे अमेरिकेसारखी करारांची यातायात करण्याचीही गरज नाही. आपला परवाना राज्याने दिलेला असला तरी १३व्या कलमाने तो अखिल भारतात चालतो. परवान्यांची नोंद ‘सारथी’ या संगणकीय दप्तरात आणि गाड्यांची ‘वाहन’ या दप्तरात आहे, आणि २०१९च्या दुरुस्तीने दोहोंच्या राष्ट्रीय नोंदवह्यांना कायद्यात जागाही दिली. म्हणजे एक चालक, एक परवाना, एक नोंद ही गोष्ट अमेरिकेपेक्षा येथे सोपी. असे असता कार्यगटाने सारथीला बाजूला सारून गुणांचे ओझे वाहनाच्या पाठीवर का टाकावे? उत्तर उघड आहे. कॅमेऱ्याला पाटी वाचता येते, चालकाचा चेहरा ओळखता येत नाही. जे टिपता येते त्यालाच जबाबदार धरायचे, ही यंत्राची सोय झाली, न्याय नव्हे.

आणि यावर उपाय कायद्यातच पडून आहे. १३३व्या कलमाप्रमाणे, गाडीच्या चालकावर गुन्ह्याचा आरोप असेल तर त्याचे नाव, पत्ता आणि परवान्याचा तपशील अधिकृत पोलीस अधिकाऱ्याला पुरवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. हे कर्तव्य आहे, त्याअर्थी तो त्याचा हक्कही मानला गेला पाहिजे. तालांवाच्या सूचनेसोबतच ‘त्या वेळी वाहन कोण चालवीत होते’ असा रकाना असावा, मालकाने भाडेकरूचा परवाना क्रमांक व भाडेपत्राची प्रत दाखल करावी आणि पडताळणीनंतर गुन्हा त्या परवान्यावर, मग तो चंडीगडचा असो वा चेन्नईचा, चढावा. भाड्याने गाडी देताना परवान्याची प्रत घेण्याची पद्धत आपल्याकडे आहेच.

विम्याला दुसऱ्या कायद्याचा सोटा बनवताना किती जपावे लागते, याचा धडा नुकताच मिळालेला आहे. प्रदूषण प्रमाणपत्र असल्याखेरीज विम्याचे नूतनीकरण करू नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये दिला. हेतू निर्मळ होता. परिणाम असा दिसू लागला की ज्याला प्रमाणपत्र मिळाले नाही तो गाडी घरी ठेवण्याऐवजी विम्याविनाच ती रस्त्यावर आणू लागला. अपघातात सापडलेल्याला मग दाद मागायला कंपनीच उरली नाही. अखेर जुलै २०२४ मध्ये न्यायालयाने ती अट स्वतःच मागे घेतली. नियमभंगाचा हप्ता अमलात आणणाऱ्यांनी हे प्रकरण समोर ठेवावे. ७१४ रुपयांचा त्रयस्थ विमा उतरवणाऱ्या दुचाकीस्वारावर आणखी ७५० रुपये लादले, तर ज्याच्यामुळे रस्त्यावर धोका अधिक तोच मनुष्य विमा सोडून देईल. विम्याविना गाडी चालवल्यास पहिल्या वेळी दोन हजारांचा दंड आहे. पण पकडला गेला तर! म्हणून जादा भार त्रयस्थ विम्यावर न टाकता ऐच्छिक भागावर टाकावा, अथवा दावा न केल्याच्या सवलतीतून कापून घ्यावा, असे आमचे मत आहे. चालकाच्या हाकण्याप्रमाणे हप्ता कमीजास्त करणाऱ्या पुरवण्या देण्याची मुभा नियामकाने कंपन्यांना २०२२ मध्ये दिलीच आहे. शिस्तीच्या चालकाला त्यातून सवलत मिळाली, तर त्याची जाहिरात सरकारला करावी लागणार नाही.

गोव्यातील चालक सारे संत आहेत असा आमचा दावा नाही. वाढीव दंड देशात १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाला, तेव्हा आधी रस्ते दुरुस्त करू, मग दंड वाढवू, असे म्हणून आपल्या सरकारने तो लांबणीवर टाकला आणि २०२२ मध्ये तो लागू केला. दरम्यान रस्ते किती दुरुस्त झाले ते प्रत्येकाने आपल्या गाडीच्या स्प्रिंगांना विचारावे. दंड टाळण्याची ही हौस आता विम्याच्या बाबतीत चालणार नाही, कारण तो विषय राज्याच्या हाती नाही. राज्याच्या हाती आहे ते वाहतूक खाते. भाड्याच्या प्रत्येक गाडीचे भाडेपत्र चालकाच्या परवाना क्रमांकासह संगणकावर नोंदवून घ्यावे, १३३व्या कलमाखालील माहिती मालकाला घरबसल्या देता येईल अशी सोय करावी, आणि महाराष्ट्र व कर्नाटकाच्या वाहतूक खात्यांशी बोलून परराज्यातील तालांवाला आपल्याच तालुक्यातून हरकत घेण्याची व्यवस्था लावून घ्यावी. यांपैकी पहिल्या दोन गोष्टींना दिल्लीची परवानगी लागत नाही आणि पर्यटनाचा नवा हंगाम दर ऑक्टोबरात सुरू होतो.